स्वीडनचा पहिला हिवाळा: मन खचण्याआधी करायची तयारी

ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला उतरलेल्या माणसाला जो तो एकच सल्ला देतो: जाड जॅकेट घे. थंडीची सवय होते हो. घरं उबदार, बस उबदार, ऑफिस तर इतकं गरम की स्वेटर काढून ठेवावा लागतो. जड जातो तो अंधार. २१ डिसेंबरच्या सुमाराला पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो, स्टॉकहोममध्ये जेमतेम सहा तासांचा. सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. मधल्या वेळात ढग असले तर उगवला होता की नाही हेही कळत नाही. गोथेनबर्ग, माल्मोला थोडा जास्त दिवस मिळतो, लुलेओला त्याहून बराच कमी, आणि किरुनात काही आठवडे सूर्य वरच येत नाही.

मी इथे बरेच हिवाळे काढलेत. त्यातला एक हिवाळा नैराश्यात गेला, तो उजेडाचा उपचाराचा दिवा, डॉक्टर आणि गोळ्या या तिघांच्या मदतीने काढला. त्या अनुभवातून एकच गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. हिवाळ्यातलं नैराश्य सगळ्यात आधी उमेद खातं. दिव्याची चौकशी करणं, डॉक्टरची वेळ घेणं, दुपारी उठून बाहेर पडणं या सगळ्याला जी उमेद लागते तीच नोव्हेंबरात नसते. म्हणून खालची निम्मी कामं सप्टेंबर-ऑक्टोबरात, डोकं ताळ्यावर असताना उरकून टाका. त्या वेळी "मला कशाला लागतंय हे" असं वाटेल, तरीही.

आधी हे ओळखा कसं

हिवाळ्यातल्या या नैराश्याचं पहिलं नीट वर्णन अमेरिकेत १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. रोझेन्थाल मूळचे जोहान्सबर्गचे. उन्हाच्या गावातून न्यूयॉर्कला आल्यावर हिवाळ्यात आपण मंदावतो हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं होतं. तेव्हा "आपलीच माणसं नाजूक" असं समजू नका. इथल्या जन्माच्या स्वीडिश लोकांनाही हे होतं, आणि डॉक्टरसमोर 'विंटरदेप्रेशून' म्हटलं की त्यांना लगेच कळतं.

आपल्याकडे घोळ होतो तो लक्षणांमुळे. डिप्रेशन म्हटलं की झोप उडालेली, जेवण सुटलेलं, वाळलेला माणूस डोळ्यासमोर येतो. हिवाळ्यातलं नैराश्य बहुतेक वेळा उलट्या अंगाने येतं. दहा-दहा तास झोपूनही अंग उठत नाही. भात, ब्रेड, बिस्किटं, चिवडा यांची भूक सुटते आणि वजन वाढतं. माणसं नकोशी होतात, फोन वाजला तरी उचलवत नाही. मग घरचे म्हणतात, "खातोय, पितोय, झोपतोय, याला कसलं आलंय डिप्रेशन, आळस आहे नुसता." आणि आपल्यालाही ते पटतं.

चार दिवस कंटाळा येणं वेगळं. रोज, जवळजवळ दिवसभर, दोन आठवडे असंच चाललं असेल आणि कामावर, घरावर परिणाम होत असेल, तर थेट पायरी ७ वर जा. बाकीचं नंतर वाचा.

१. कागद आणि खाती आधी

ही पायरी रटाळ आहे, पण इथूनच सगळी दारं उघडतात.

- पर्शूननुम्मेर, म्हणजे स्वीडिश ओळख क्रमांक. अर्जानंतर काही आठवडे जातात, म्हणून आल्या आल्या स्काटेवेर्केटकडे, म्हणजे कर खात्याकडे, अर्ज करा.
- ओळखपत्र आणि त्यानंतर बँकआयडी. बँकआयडी म्हणजे फोनवरची डिजिटल ओळख. ती किंवा तशीच दुसरी डिजिटल ओळख नसेल तर आरोग्यसेवेच्या साइटवर लॉगिन होत नाही.
- घराजवळच्या वोर्डसेंत्रलमध्ये, म्हणजे सरकारी व्यवस्थेतल्या दवाखान्यात, नावनोंदणी. ११७७ या आरोग्यसेवेच्या साइटवरून होते.
- भारतातली जुनी प्रिस्क्रिप्शन्स. औषधाच्या ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही, घटकाचं नाव हवं. गावच्या डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून आणा.
- थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ चे मागचे रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो.
- कंपनीचं आरोग्य विम्याचं किंवा कर्मचारी आरोग्य सेवेचं पत्रक. बऱ्याच कंपन्या समुपदेशनाची काही सत्रं देतात, आणि ते पत्रक रुजू होतानाच्या कागदांत कुठेतरी पडलेलं असतं.

पर्शूननुम्मेर आला नाही म्हणून तातडीचे उपचार अडत नाहीत, हेही माहीत असू द्या.

२. रक्त तपासून घ्या, मग विटामिन डीचं बोला

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीही "मन लागत नाही" म्हटलं की पाच मिनिटांत उत्तर येतं: विटामिन डी घे. घ्या, जरूर घ्या. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला आहे, ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत डी तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त ऊन लागतं. रोज १० मायक्रोग्रॅमची साधी गोळी कुठल्याही अपोतेकमध्ये, म्हणजे औषधांच्या दुकानात, मिळते. पण ती हाडांसाठी आहे. तिने हिवाळ्यातलं नैराश्य जातं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. डी सुरू केलं म्हणून बाकीच्या पायऱ्या सोडू नका.

इथला एक सापळा: भारतातून येताना बॅगेत टाकलेली ६०,००० युनिटची पाकिटं. ते एक पाकीट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. डॉक्टरने दिलेला आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यावरही "आहेत म्हणून" घेत राहणारे लोक मी पाहिलेत. जास्त डी शरीरात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं.

थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं, या तिन्हींचा थकवा हिवाळ्याच्या नैराश्यासारखाच दिसतो. डॉक्टरला हे तपासायला सांगा. आपणहून विचारावं लागतं.

३. दिवा: कोणता, कुठे, किती वेळ

उपचाराचा दिवा म्हणजे घरातला मोठा बल्ब नव्हे. उजेड लक्समध्ये मोजतात. ऑफिसमध्ये साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, घरी त्याहून कमी. उपचाराला लागतो १०,००० लक्स. ॲडव्हेंटला, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, इथल्या खिडक्या-खिडक्यांत मेणबत्त्या आणि कागदी तारे लागतात. फार सुरेख दिसतात, मीही लावते, पण लक्सच्या हिशेबात ते नसल्यातच जमा.

घेताना काय बघायचं:

डब्यावर '१०,००० लक्स' ठळक लिहिलेलं असतं. ते किती अंतरावर, हे मागे बारीक अक्षरात सापडतं. काही स्वस्त दिवे दहा सेंटिमीटरवर तेवढा उजेड देतात, म्हणजे दिव्याला नाक लावून बसायचं. ३० ते ५० सेंटिमीटरवर १०,००० लक्स देणारा, मोठ्या पृष्ठभागाचा, अतिनील किरण गाळणारा दिवा घ्या. साधारण पाचशे क्रोनांपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतो. पहाटेसारखा हळूहळू उजळणारा गजराचा दिवाही मिळतो. उठायला तो छान आहे, पण या दिव्याची जागा तो घेत नाही.

वापरायचा असा: उठल्यापासून तासाभरात, रोज, अर्धा तास. दिवा समोर थोडा बाजूला, डोळ्यांच्या उंचीला किंवा जरा वर. डोळे उघडे ठेवायचे, दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. चहा घ्या, पोहे खा, मेल वाचा. संध्याकाळी लावू नका, झोप उडते. उजेड ५,००० लक्सच असेल तर वेळ साधारण दुप्पट लागतो.

माझा दिवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंतीला टेकवून कायमचा उभा आहे, टायमरच्या प्लगवर. सहा पन्नासला आपोआप लागतो. मी दात घासून येते तेव्हा स्वयंपाकघर दवाखान्यासारखं पांढरंफेक झालेलं असतं आणि चहा ठेवायला तिथे जावंच लागतं. दिवा कपाटात ठेवून रोज काढायचा बेत असेल तर तो डिसेंबरात कपाटातच राहील.

आठवडा-दोन आठवड्यांत फरक जाणवायला लागतो. सुरुवातीला डोकं दुखणं, डोळे चुरचुरणं, चिडचिड होऊ शकते. तसं झालं तर दिवा थोडा लांब सरकवा किंवा वेळ कमी करा. बरं वाटलं म्हणून जानेवारीत बंद करू नका, काही दिवसांत मागचं सगळं परत येतं.

डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणी लावू नये? ज्यांना कधीही बायपोलर आजाराचं, म्हणजे मन कधी फार वर तर कधी फार खाली जाण्याच्या आजाराचं, निदान झालंय किंवा जवळच्या नात्यात तो आहे, कारण या उजेडाने मन भलतंच वर उसळू शकतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी, आणि मधुमेह असेल तर डोळे तपासल्याशिवाय नको. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं उजेडाने त्रास वाढवतात, म्हणून चालू गोळ्यांची यादी दाखवा.

४. दुपारचा उजेड चुकवू नका

ढगाळ दुपारीसुद्धा बाहेर खोलीपेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. इथले लोक साडेअकरालाच जेवतात आणि मग ऑफिसभोवती एक चक्कर मारतात. सुरुवातीला मला ते हौशीचं वाटायचं. ती चक्कर कॅलेंडरवर मीटिंगसारखी टाका, बारा ते साडेबारा, म्हणजे त्या वेळात दुसरं कोणी काही घुसवणार नाही. एकट्याने ती आठवडाभर टिकते. सोबत सहकारी असेल तर हिवाळाभर टिकते, कारण तो दारात येऊन उभा राहतो.

घरून काम करणाऱ्यांनी हे विशेष मनावर घ्यावं. त्यांचा अख्खा दिवस ऑफिसपेक्षाही कमी उजेडात जातो आणि पडदा उघडेपर्यंत बाहेर काळोख झालेला असतो.

कपड्यांबद्दल दोन वाक्यं. अंगालगत सुती नको, लोकरीचं पातळ घ्या, घामाने ओलं सुती कापड गारठवतं. बर्फ वितळून पुन्हा गोठला की रस्त्यावर काच होते, तेव्हा बुटांखाली लावायचे काटे, ज्यांना इथे 'ब्रोद्दार' म्हणतात, आणि जॅकेटवर चमकणारी पट्टी ऑक्टोबरातच घेऊन ठेवा.

५. भारतातल्या फोनची वेळ बदला

हे कोणी सांगत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ एक तास मागे जातं आणि भारताशी असलेलं अंतर साडेतीनवरून साडेचार तासांवर जातं. उन्हाळ्यात संध्याकाळी सातला केलेला फोन आईला साडेदहाला मिळायचा, आता साडेअकरा वाजतात. ती झोपलेली असते. आपल्याला ज्या महिन्यांत बोलायची सगळ्यात जास्त गरज, त्याच महिन्यांत फोन आपोआप तुटत जातो, आणि "त्यांना त्रास कशाला" म्हणत आपणही सोडून देतो.

फोन सकाळी करा. इथले सात म्हणजे तिकडचे साडेअकरा, आईचा स्वयंपाक उरकत आलेला असतो. दिव्यासमोरचा अर्धा तास आणि हा फोन एकत्र बसतात. माझी आई पहिल्यांदा व्हिडिओवर बघून म्हणाली, "अगं, किती तो प्रकाश, मला इथे बसून डोळे दिपतायत! वीजबिल कोण भरतं?" आता दिवा दिसला नाही की तीच विचारते.

६. जोडीदार घरी असेल तर

कंपनी व्हिसावर आलेल्याला निदान ऑफिस असतं. सोबत आलेल्या नवरा-बायकोपैकी जे घरी असतं त्याची कसोटी जास्त. नोकरी नाही, भाषा नाही, नवऱ्याची किंवा बायकोची येण्याची वेळ हेच घड्याळ. अशा घरात हिवाळा दुप्पट लांब होतो.

पर्शूननुम्मेर मिळाल्यावर कम्युनकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, एसएफआय, म्हणजे परदेशातून आलेल्यांसाठीच्या मोफत स्वीडिश वर्गाला, अर्ज करा आणि शक्य असेल तर सकाळचा वर्ग मागा. स्वीडिश येवो न येवो, नऊ वाजता कपडे करून बाहेर पडावं लागतं. लहान मूल असेल तर 'ओपना फॉरस्कूला' शोधा. तिथे पालक मुलासह जाऊन बसतात, पैसे लागत नाहीत, बहुतेक ठिकाणी नाव नोंदवावं लागत नाही. आपल्यासारख्याच अडकलेल्या दुसऱ्या आया तिथे भेटतात. वाचनालयं आणि पोहण्याचे बंदिस्त तलाव हेही चांगले आसरे.

आपले सण या काळाला बरे धरून आहेत. दिवाळीनंतर मात्र एकदम पोकळी येते, म्हणून डिसेंबरसाठी काहीतरी आधीच ठरवून ठेवा. हळदीकुंकू संक्रांतीलाच उरकू नका, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, पुढे ढकला. आणि बोलावणं आलं तर मन नसलं तरी जा, तासाभरात उठून या, पण जा.

७. डॉक्टरकडे जाणं

११७७ हा फोन नंबरही आहे आणि साइटही. फोनवर परिचारिका भेटते, दिवसरात्र, इंग्रजी चालतं. नियमानुसार वोर्डसेंत्रलशी त्याच दिवशी संपर्क झाला पाहिजे आणि तीन दिवसांत तपासणी. प्रत्यक्षात सकाळी फोन लावून परत येणाऱ्या फोनची वाट बघावी लागते, तो अनोळखी नंबरवरून येतो. उचला.

काय बोलायचं हे लिहून न्या. "बरं वाटत नाही" एवढ्यावर तुम्हाला "झोप नीट घ्या, फिरायला जा" ऐकवून परत पाठवतील. असं लिहा: कधीपासून, मागच्या हिवाळ्यात होतं का, उन्हाळ्यात बरं होतं का, किती तास झोप, वजन किती वाढलं, किती दिवस कामावर गेला नाहीत, घरात कोणाला मानसिक आजार होता का. नैराश्य मोजायचा नऊ प्रश्नांचा कागद देतात. आपली सवय असते मधल्या पर्यायावर खूण करायची, डॉक्टरला उगाच काळजी नको म्हणून. इथे तसं करू नका. जगण्याच्या इच्छेबद्दल थेट विचारतील, ती त्यांची रोजची पद्धत आहे. खरं सांगा.

उपचार तीन प्रकारचे. एक दिवा. दुसरे औषध, बहुधा सेरोटोनिनवर काम करणारी गोळी. ती परिणाम दाखवायला दोन ते सहा आठवडे घेते, आणि एके दिवशी मनाने बंद करायची नसते. तिसरी बोलण्याची उपचारपद्धत, सीबीटी, जिला इथे 'कोबेते' म्हणतात, आणि ती ऑनलाइनही मिळते. व्हर्मॉन्ट विद्यापीठातल्या केली रोहन यांच्या अभ्यासात पहिल्या हिवाळ्यात दिवा आणि सीबीटी दोन्ही सारखेच उपयोगी पडले, पण दोन हिवाळ्यांनंतर सीबीटी घेतलेल्यांत आजार परतण्याचं प्रमाण कमी होतं. दीर्घकाळ राहणार असाल तर याची मागणी करा. रांग असते, म्हणूनही लवकर करा.

कामाचं काय, ही सगळ्यांची धास्ती. आजारपणाचे पहिले सात दिवस डॉक्टरचं पत्र लागत नाही, आठव्या दिवसापासून लागतं. त्यातलं निदान कंपनीला दाखवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. पगारात कपात होते, पण नोकरी सांभाळून अर्धा वेळ रजा असाही मार्ग निघतो, डॉक्टरला विचारा.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, दारू. अंधारात पाच वाजताच ग्लास भरावासा वाटतो, झोप बिघडते आणि सकाळ अजून जड होते. दुसरी, 'योहान्नेसऑर्ट' नावाची वनौषधी, जी इथे दुकानात सहज मिळते. नैसर्गिक आहे म्हणून लोक घेतात, पण नैराश्याच्या गोळ्यांसोबत ती धोकादायक ठरू शकते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते.

मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर वेळ घेण्याच्या भानगडीत पडू नका. ११२ लावा, इंग्रजीत बोला. 'मिंद' या संस्थेची आत्महत्या प्रतिबंधक लाइन ९०१०१ वर आहे. घरात कोणी असं बोललं तर त्याला एकटं सोडू नका, आणि "असं काय बोलतोस" म्हणून विषय बंदही करू नका.

८. भारताची फेरी कधी

सगळे नाताळात जातात, तिकिटं महाग, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ऊन खाऊन तृप्त झालेला माणूस थेट अंधारात परत येतो. संक्रांतीपर्यंत स्टॉकहोमचा दिवस चाळीस-एक मिनिटांनीच वाढलेला असतो. जमत असेल तर जानेवारीअखेर जा. परत येता तेव्हा फेब्रुवारीचा मध्य उलटलेला असतो आणि दिवस साडेनऊ-दहा तासांवर पोचलेला असतो. मुलं शाळेत असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही, मग फेब्रुवारी-मार्चमधली स्पोर्टलोवची सुट्टी धरा. गोळ्या चालू असतील तर हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. पुण्याच्या उन्हात दोन आठवडे छान गेले म्हणून गोळ्या तिथे बंद करून येऊ नका.

९. मार्चनंतर

दिवा साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालू ठेवा, मग काढा. गोळ्यांचं डॉक्टर ठरवतील. एप्रिलअखेर उजेड इतक्या वेगाने वाढतो की पहाटे चारलाच खोली उजळते, तेव्हा झोपेच्या खोलीला गडद पडदे लावून घ्या. आणि एका गोष्टीवर घरच्यांना नजर ठेवायला सांगा: झोप चार तासांवर आली तरी दमणूक नाही, बोलणं सुसाट, नवनवे बेत, पैसे उधळणं, बारीकसारीक गोष्टीवर भडकणं. लांबच लांब हिवाळ्यानंतर हे सगळ्यांना आनंदाचं वाटतं, पण असं आठवडाभर चाललं तर तेही डॉक्टरला कळवायचं असतं. त्यावरून पुढच्या हिवाळ्याचे उपचार बदलू शकतात.